कोऱ्या कागदाचं वजन

सत्तावीस वर्षं एका माणसाने एकच शब्द लिहावा आणि लोकांनी तोच शब्द त्याच्या गळ्यात बांधावा, असं नशीब फार थोड्यांचं असतं. धूळ मोजणाऱ्या सरकारी खात्यातल्या या सहायकाचं होतं. त्यांच्या अहवालाच्या शेवटच्या रकान्यात दर वेळी 'मर्यादेत' एवढंच असायचं. म्हणजे कारखान्यात धूळ आहे, पण नियमाला चालते तेवढीच आहे. कुणीतरी गमतीने त्यांना मर्यादेतराव म्हटलं, दुसऱ्याने ते उचललं, आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. घरी बायकोसुद्धा जेवायला वाढताना विचारायची, "मीठ मर्यादेत आहे ना? की नोटीस काढताय?"

कामाच्या बाबतीत मात्र हा माणूस काट्यासारखा सरळ. खात्याचा तराजू इतका नाजूक की जवळ कुणी शिंकलं तरी आकडा हलायचा. म्हणून तराजूच्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, आणि मर्यादेतराव श्वास रोखून उभे. ही सवय इतकी अंगात मुरली की घरी मुलीचा ताप बघतानाही ते श्वास धरून बसायचे. बायको ओरडायची, "अहो, सोडा आता! तुमच्या श्वासाने ताप नाही वाढत तिचा!"

धूळ मोजायची पद्धत तशी सोपी. वहीच्या पानाएवढा एक पांढरा कागद घ्यायचा, त्याचं वजन करायचं, तो मशीनमध्ये बसवायचा. मशीन आठ तास हवा ओढतं, धूळ कागदावर बसते. परत आणून पुन्हा वजन करायचं. जेवढं वाढलं तेवढी धूळ. पण या कागदाबरोबर दुसराही एक कागद न्यावा लागे. त्याला सगळे 'कोरा' म्हणत. कोरा लिफाफ्यातून जायचा आणि लिफाफ्यातूनच परत यायचा. काहीही न करणं हेच त्याचं काम. खात्यात असे इतरही बरेच जण होते, पण कोऱ्याचं वजन तरी वाढायचं नाही. आणि वाढलंच, तर त्याचा अर्थ नेणाऱ्या-आणणाऱ्याने हयगय केली, बाहेरची धूळ लागू दिली. मग दोन्ही कागद बाद आणि सगळं मोजमाप रद्द. मर्यादेतरावांचा कोरा सत्तावीस वर्षांत एकदाही बाद झाला नव्हता. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि खात्याचं 'निर्दोष सेवे'चं प्रमाणपत्र त्यांनी मनातल्या मनात भिंतीवर टांगूनही ठेवलं होतं.

आता या खात्याची अक्कल बघा. फार वर्षांपूर्वी कुणी एक अधिकारी मोजायला गेला, तर कारखान्याला सुट्टी. हात हलवत परत आला. त्यावर वरच्या कचेरीने डोकं लढवून परिपत्रक काढलं की, यापुढे मोजायला जाण्याच्या सात दिवस आधी कारखान्याला लेखी कळवावं, म्हणजे कारखाना चालू असल्याची खात्री होईल. कळवा! चोराला पत्र पाठवा की बाबा, अमुक तारखेला झडतीला येतोय, घरी थांब. मर्यादेतरावांनी हा नियम बदला म्हणून तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर आलं की, आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे. तो पुढे जो गेला तो गेलाच.

आणि नेमका ज्या खडी क्रशरवर ते वर्षातून दोनदा जायचे, त्याच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर होतं.

ताई शिवणकाम करायची. पंधरा वर्षांपूर्वी मेहुणे गेले तेव्हापासून एकटी, आणि कुणापुढे हात पसरायचा नाही हा बाणा. इस्पितळातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट शिवून द्यायचं काम तिच्याकडे होतं. क्रशर आधी लहान होता. मग मोठा झाला. दिवसभर दगड फुटायचे, डंपर उघड्यावर खडी ओतायचे, आणि ताईच्या घरात भांड्यांवर, उशीवर, शिलाई मशीनच्या चाकावर बारीक पांढुरका थर बसायचा. एकदा इस्पितळाने बारा कोट परत पाठवले. सोबत चिठ्ठी होती की, आम्ही पांढरे मागवले होते, राखाडी नव्हेत. तेव्हापासून ती कोट शिवून झाला की लगेच प्लास्टिकमध्ये बांधायची. स्वतःच्या छातीला मात्र प्लास्टिक बांधता येत नव्हतं. खोकला आधी पहाटेपुरता होता, मग दिवसाचा झाला, मग जिना चढताना थांबावं लागू लागलं.

तिने खात्याकडे एकोणीस तक्रारी केल्या. एकोणीस उत्तरं आली. प्रत्येक उत्तराला भावाचाच अहवाल जोडलेला आणि शेवटच्या रकान्यात भावाच्याच अक्षरात, मर्यादेत. एकोणिसाव्या उत्तरानंतर तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. भावजयीशी फोनवर बोलायची, भाचीची चौकशी करायची, पण भावाचा विषय निघाला की म्हणायची, "त्याचं सगळं मर्यादेत असेल."

त्यात यंदा क्रशरवाल्याने पुढच्या पाच वर्षांची परवानगी मागितली, तीही दुसऱ्या, दुप्पट मोठ्या यंत्रासकट. फाइल साहेबांच्या टेबलावर तयार होती. एकच मोजमाप बाकी होतं, आणि शुक्रवारी सही व्हायची होती. त्याच महिन्यात डॉक्टरांनी ताईच्या छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "या धुळीत राहिलात तर पाच वर्षं काढणार नाही तुमची फुप्फुसं. घर बदला." ताईने घर बदलायला साफ नकार दिला. मर्यादेतरावांना हे बायकोकडून कळलं आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मोजायचा दिवस सोमवार. सात दिवस आधी पत्र गेलेलंच होतं, त्यामुळे क्रशरचा थाट एखाद्या लग्नघरासारखा. भाड्याचा टँकर रस्त्यावर पाणी मारत फिरतोय. एरवी गंजलेले फवारे आज फुसफुसतायत. दगड फोडणाऱ्या दोन जबड्यांपैकी एक दुरुस्तीच्या नावाखाली बंद. डंपरवर ताडपत्री. मजुरांच्या तोंडाला नवे मास्क, घडी न मोडलेले. हे मास्क संध्याकाळी परत गोळा होऊन पुढच्या मोजमापासाठी कपाटात जायचे, हेही मर्यादेतरावांना माहीत होतं.

मॅनेजर हसत पुढे आला. "या, या! तुमचीच वाट बघत होतो."

"माहीत आहे," मर्यादेतराव म्हणाले. "सात दिवसांपासून बघताय."

"चहा?"

"नको."

त्यांनी मशीन लावलं, वेळ लिहिली आणि खुर्ची टाकून बसले. टँकर समोरून अकराव्यांदा गेला तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करणार काय? मशीनला फक्त आजची हवा कळते. कालची आणि उद्याची त्याला कशी कळणार?

दुपारी बाराच्या सुमारास ते उठले. बायकोने ताईसाठी औषधाचा नवा पंप दिला होता आणि बजावलं होतं, "दारात टाकून येऊ नका. हातात द्या." म्हणून खांद्याला पिशवी लावून ते भिंतीला वळसा घालून ताईच्या दारात गेले.

ताईने दार उघडलं. बघितलं. आत वळली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं, एवढाच काय तो मान.

"ताई, औषध आणलंय."

तिने शेजारच्या ढिगातून एक पांढरी चिंधी घेतली, खिडकीच्या कट्ट्यावरून एकदाच फिरवली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. चिंधी राखाडी झाली होती.

"सकाळी सातला पुसलंय मी हे," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला होता त्यांनी. "आज तर पाणी मारतायत. तू येणार म्हणून. लिही ना, मर्यादेत!"

"अगं, मी काय करू? मशीनवर जे येतं तेच मी..."

"मशीनला नाक आहे का रे? तुला आहे ना? मग ते काय शोभेला लावलंयस?"

"घर बदल म्हणतायत ना डॉक्टर! ऐक की जरा त्यांचं!"

"आणि जाऊ कुठे? तुझ्या त्या मर्यादेत राहायला?" ती म्हणाली, आणि तिथेच तिला उबळ आली. साधी नव्हे. टेबलाची कड धरून ती वाकली, चेहरा काळानिळा पडला, श्वास आत जाईना की बाहेर येईना. मर्यादेतरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. चिमटा, वही, पाण्याची बाटली, लिफाफे, सगळं घरंगळलं. त्यातून पंप शोधला, तिच्या तोंडाला लावला, एकदा दाबला, दोनदा दाबला. मग पाठ चोळत बसले. अर्ध्या तासाने तिला जरा श्वास घेता येऊ लागला तसे ते वस्तू भराभर पिशवीत कोंबून तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. तिथे तिला वाफ दिली, दोन तास झोपवून ठेवलं. मध्ये धावत येऊन ते क्रशरवरचं मशीन बघून गेले आणि पुन्हा दवाखान्यात गेले. तिला घरी आणेपर्यंत चार वाजून गेले.

तेव्हा त्यांना तो दिसला. शिलाईच्या टेबलावर, खिडकीपाशी, पांढऱ्या कापडांच्या शेजारी, पांढरा कागद. कोरा! लिफाफा तेवढा पिशवीत गेला होता आणि कागद घसरून बाहेरच राहिला होता. पांढऱ्यात पांढरा, दिसणार तरी कसा? चार तास तो उघड्यावर पडला होता.

मर्यादेतरावांनी कपाळावर हात मारला. मग चिमट्याने त्याला उचललं आणि लिफाफ्यात घातलं. चार तासांनी काय होतंय, अशी स्वतःची समजूत घालत ते परत निघाले.

बुधवारी तराजूच्या खोलीत त्यांनी पंखा बंद केला, श्वास रोखला आणि आधी मशीनमधला कागद ठेवला. हिशेब केला. मर्यादा सहाशेची, आकडा आला पाचशे चौऱ्याऐंशी. म्हणजे झालंच, मर्यादेत! मग कोरा ठेवला. नियमाप्रमाणे त्यात एका मिलिग्रॅमचा फरक चालत होता. फरक आला आठ मिलिग्रॅम. त्यांनी काढून पुन्हा ठेवला. आठ. तिसऱ्यांदा ठेवला, आठच. टँकर फिरत असताना, एक जबडा बंद असताना, बंद दाराच्या घरात, चार तासांत आठ मिलिग्रॅम. श्वास धरलेला होता हे विसरून ते तसेच उभे राहिले आणि शेवटी ठसका लागला.

साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. चौदा वर्षांत त्यांनी धूळ पाहिली ती फायलींवरची. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"अहो, मग शून्य लिहा की. कोऱ्याचं कोण बघतं? शुक्रवारी सही आहे."

"साहेब, वजन आठ आलंय."

"मर्यादेतराव, तुम्हाला आता सात महिने उरलेत. कोरा बाद दाखवलात तर कारण लिहावं लागेल. कारण म्हणजे तुमचा निष्काळजीपणा. मेमो निघेल, सेवापुस्तकात लाल शाई येईल. कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

प्रमाणपत्र भिंतीवरून खाली उतरताना मर्यादेतरावांना दिसत होतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग त्यांना टेबलाची कड धरून वाकलेली ताई दिसली, आणि त्या वाईट वाटण्याचाच राग आला.

"साहेब, जे वजन आलं ते मी सत्तावीस वर्षं लिहिलं. मनात एक असायचं, कागदावर दुसरं यायचं, तरी कागदावरचंच लिहिलं. माझ्या सख्ख्या बहिणीने बोलणं टाकलं, तरी लिहिलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की मर्यादेतराव, जरा वाढवून लिहा. आता कमी करून लिहा म्हणता? आठ आलंय, आठच लिहिणार!"

साहेबांनी उसासा टाकला. "बरं, बाबा. करा बाद. नव्याने पत्र देऊ, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा."

"पत्र द्यायचं नाही, साहेब."

"म्हणजे?"

मर्यादेतरावांनी खात्याची नियमपुस्तिका टेबलावर ठेवली. ते पान इतकी वर्षं कुणी उघडलंच नव्हतं, कारण उघडायची वेळच त्यांनी कुणावर येऊ दिली नव्हती. त्यात लिहिलं होतं की, कोरा बाद झाल्यास तीन दिवसांच्या आत फेरमोजणी करावी, आणि ती मूळच्याच पत्रावर करावी, नव्या पत्राची आवश्यकता नाही. ज्याने सात दिवसांचा नियम केला त्याच शहाण्याच्या हातून हेही सुटलं होतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं. "कोरा बिघडला तो तुमच्या बहिणीच्या घरात," ते सावकाश म्हणाले. "लोक म्हणतील, मुद्दाम केलं."

"मुद्दाम करायचं असतं तर सत्तावीस वर्षं कशाला थांबलो असतो?" मर्यादेतराव म्हणाले. "आणि शंका असेल तर तुम्हीच चला बरोबर. तुमच्यासमोर कागद लावतो. आठ तास माझ्यावर नजर ठेवा."

हे साहेबांना टाळता येईना. गुरुवारी सकाळी आठला खात्याची जीप क्रशरच्या फाटकाशी उभी राहिली. पांढऱ्या धुळीच्या ढगात फाटकही धड दिसत नव्हतं. दोन्ही जबडे कडाकडा चालू, फवारे कोरडेठाक, टँकरचा पत्ता नाही, मजुरांच्या तोंडाला रुमाल. मॅनेजर आतून पळत आला, तसाच शर्टाची बटणं लावत.

"साहेब, तुम्ही? पण पत्र... पत्र तर आलं नाही!"

"आलंय की," मर्यादेतराव म्हणाले. "दहा दिवसांपूर्वी आलं ना, तेच. चहा मिळेल का आज?"

मॅनेजरने क्रशर बंद करायचा प्रयत्न केला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, बहुधा पहिल्याच दोन मिनिटांत घशात गेलेली धूळ बोलली, ते ओरडले, "चालू ठेवा! जसं होतं तसं चालू ठेवा!" नाकाला रुमाल लावून ते आठ तास खुर्चीवर बसले. दुपारपर्यंत त्यांचे काळे केस पांढरे झाले, आणि संध्याकाळी ते उठले तेव्हा खुर्चीवर त्यांच्या आकाराची स्वच्छ जागा उरली. मशीनमधला कागद इतका भरला होता की शेवटी हवा ओढताना मशीन घरघरायला लागलं. मर्यादेतराव त्याच्याकडे बघत राहिले. ताईच्या छातीतही अशीच घरघर होती. कोरा या वेळी त्यांनी साहेबांच्याच बॅगेत कुलपात ठेवायला दिला होता.

कोऱ्याचं वजन जसंच्या तसं आलं. दुसऱ्या कागदाचा आकडा आला दोन हजार तीनशे चाळीस.

शेवटच्या रकान्यात लिहायचा शब्द सत्तावीस वर्षांत त्यांनी कधी लिहिलेला नव्हता. पेन टेकवून ते क्षणभर थांबले, आणि मग ठळक अक्षरात लिहिलं, 'मर्यादेबाहेर'. साहेबांनी खोकत सही केली. नव्या यंत्राची परवानगी फेटाळली गेली. जुना क्रशरही, चहूबाजूंनी पत्रे ठोकून आणि फवारे कायमचे बसवून होईपर्यंत, बंद. त्याच दिवशी दुसराही कागद निघाला, मर्यादेतरावांच्या नावाचा. निष्काळजीपणाबद्दल मेमो, सेवापुस्तकात नोंदीसह.

दोन्ही कागद खिशात घालून ते ताईकडे गेले. गल्लीत इतकी शांतता होती की ताईच्या शिलाई मशीनचा आवाज वळणावरच ऐकू आला. खिडक्या सताड उघड्या होत्या. ताईने अहवाल घेतला, चष्मा लावला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग मेमो वाचला.

"लाल शाई लागली तुला," ती म्हणाली.

"लागू दे. कमाल बघ, ताई. सत्तावीस वर्षं नीट काम केलं, काही झालं नाही. एकदाच चुकलो, तर सगळं झालं."

ताई हसली. हसता हसता तिला खोकला आला. क्रशर बंद होऊन दोन दिवस झाले होते तरी आला, कारण आत बसलेलं काही बाहेर येणार नव्हतं, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगून ठेवलं होतं. मर्यादेतराव तिची पाठ चोळत राहिले. उबळ ओसरली तशी तिने डोळे पुसले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मग जरा आधी चुकायचं होतंस ना रे," ती म्हणाली.

ताईने मेमोची नीट घडी घातली, अहवालाच्या आत ठेवली आणि अर्धा शिवलेला कोट पुन्हा मशीनखाली घेतला.